आपलीं नांवें व आडनांवें



शाळेंत रोज हजेरी घेतली जाते आणि आपलें नांव कानीं पडतांच आपण 'हजर' म्हणून उत्तर देतों. हा प्रकार इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, ज्या शब्दाला आपण ओ दिली त्याचा अर्थ काय, तो कोणीं निवडला व कां निवडला, हा विचार क्वचितच मनांत येतो. वर्गांत नांवांची चर्चा होते ती बहुधा थट्टेपुरती. ज्याचें आडनांव गाढवे किंवा लांडगे आहे, अथवा ज्याचें नांव दगडू आहे, त्यास हें अनुभवानें ठाऊक असतें. म्हणून आज नांवांचा थोडासा शोध घेऊं.

प्रथम आडनांवें पाहूं. महाराष्ट्रांत व गोमंतकांत अत्यंत परिचित आडनांवें म्हणजे 'कर' या प्रत्ययानें संपणारीं. हा प्रत्यय बहुधा गांवाच्या नांवास लागतो. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर. परंतु पेण गांवांत राहणाऱ्यास कोणी पेणकर म्हणत नाहीं, कारण तेथें सारेच पेणचे. मनुष्य गांव सोडून दुसरीकडे गेला म्हणजे तेथील लोक त्यास त्याच्या गांवावरून ओळखूं लागतात. तेव्हां असें आडनांव ही पूर्वजांच्या प्रवासाची खूणच होय. प्रसिद्ध गायक नट दीनानाथ यांनीं गोमंतकांतील मंगेशी या गांवावरून मंगेशकर हें आडनांव घेतलें. डॉ. भीमराव आंबेडकर यांचें घराणें मूळचें सकपाळांचें. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे या गांवावरून शाळेंत त्यांचें आडनांव प्रथम आंबडवेकर असें लागलें, व पुढें तें आंबेडकर झालें. या प्रत्ययास धर्माचेंहि बंधन नाहीं. कोंकणांतील बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, लोकांत रोहेकर, पेणकर, केहिमकर अशीं आडनांवें आहेत, आणि कोंकणी मुसलमानांतहि गांवांवरून पडलेलीं आडनांवें आढळतात. प्रार्थनेची जागा निराळी असली तरी गांवची वाट एकच.

दुसरा मोठा वर्ग हुद्यांचा व धंद्यांचा. पाटील हा गांवचा मुख्य, कुलकर्णी हा गांवचें दप्तर लिहिणारा. देशमुख व देशपांडे हे परगण्याचे अधिकारी. चिटणीस, पोतनीस या नांवांतील 'नीस' हा फारशी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, या शब्दाचा अपभ्रंश आहे. चिटणीस पत्रें लिही, पोतनीस खजिन्याचा हिशेब लिही. नाना फडणीस (१७४२ ते १८००) यांचें मूळ आडनांव भानु. परंतु इतिहासांत त्यांच्या हुद्याचेंच नांव कायम झालें. जोशी हा शब्द ज्योतिषी यापासून आला, आणि सुतार, लोहार, कुंभार, सोनार यांचे अर्थ तर सांगावयासच नकोत. आज कुलकर्ण्यांच्या घरीं कोणी गांवचें दप्तर लिहीत नाहीं, सुतारांचा मुलगा डॉक्टर होतो आणि जोशांची मुलगी विमान चालविते. काम गेलें, नांव मात्र राहिलें.

आडनांवें बदलतातहि. महात्मा जोतीराव फुले (१८२७ ते १८९०) यांच्या घराण्याचें गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण व मूळ आडनांव गोऱ्हे. घराणें पुण्यास येऊन फुलांचा धंदा करूं लागलें, तेव्हां लोक त्यांस फुले म्हणूं लागले. वसईकडील गोष्ट आणखी निराळी. वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत तेथें जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्यांत पोर्तुगीज आडनांवें रूढ झालीं. राज्य गेलें तरी आडनांवें टिकलीं. त्यांचे अर्थ पाहिले म्हणजे तीं परकीं वाटत नाहींत. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र. परेरा म्हणजे नासपतीचें झाड, आणि डिसिल्वा यांतील सिल्वा म्हणजे रान. बाप, गांव, झाड, धंदा: मनुष्यानें आपली ओळख सांगतांना सर्वत्र याच गोष्टींचा आधार घेतला आहे.

आतां पाळण्यांतल्या नांवांकडे वळूं. आपल्याकडे देवदत्त हें नांव आहे. ग्रीक भाषेंतील थिओडोर, हिब्रू भाषेंतील नथानिएल आणि फारशी वळणाचें खुदाबक्ष या नांवांचा अर्थहि तोच. चार भाषांतील आईबापांनीं एकमेकांस न विचारतां एकच गोष्ट सांगितली, कीं हें मूल आम्हांस देवानें दिलें.

मग दगडूच्या आईबापांनीं काय सांगितलें? पूर्वीं देवी, पटकी यांसारख्या रोगांनीं घरोघर मुलें दगावत. जिचीं एक-दोन मुलें गेलीं, ती आई पुढच्या मुलाचें नांव दगडू, धोंडू, केरू, कचरू असें ठेवी. नांव हलकें असलें म्हणजे मुलास दृष्ट लागत नाहीं व काळाचें लक्ष तिकडे जात नाहीं, अशी समजूत होती. ती समजूत खरी नव्हती. मुलें वांचलीं तीं लशीमुळें, औषधामुळें व स्वच्छ पाण्यामुळें. परंतु नांवामागची माया खरी होती. अशा नांवास जो हंसतो तो एका भ्यालेल्या आईस हंसतो. शिवाय ज्यांनीं १९१६ मध्यें स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें, त्या महर्षि कर्वे यांचें नांव धोंडो केशव असेंच होतें. आणि पीटर या नांवाचा अर्थ काय? तो शब्द मूळ ग्रीक, व त्याचा अर्थहि खडक किंवा दगड असाच आहे. म्हणजे एकाच वर्गांत धोंडू व पीटर शेजारीं बसले असतील, तर अर्थानें ते एकमेकांचे नांवबंधु होत!

परंतु ऐकावयास हलकीं वाटणारीं सर्वच नांवें मायेपोटीं ठेवलेलीं नसतात. नकुशी किंवा नकोशी हें नांव तसें नव्हे. मुलीमागून मुलगी झाली म्हणजे, आतां तरी मुलगा व्हावा या आशेनें कित्येक घरीं हें नांव ठेवीत. दगडूचें नांव मृत्यूस सांगे कीं, या मुलाकडे पाहूं नकोस. नकुशीचें नांव मुलीसच सांगे कीं, तूं आलीस हें बरें झालें नाहीं. दिनांक २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यास जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं समारंभ करून अशा २८५ मुलींस नवीं नांवें दिलीं. शाळेच्या हजेरींत रोज 'नकुशी' या हांकेस 'हजर' म्हणणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनींच करावी.

मुलींच्या नांवांविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. विवाहानंतर आडनांवाबरोबर मुलीचें नांवहि बदलण्याची रीति आपल्याकडे फार दिवस चालली. १८८६ मध्यें अमेरिकेंत डॉक्टरची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. मुलाचें नांव, बापाचें नांव व आडनांव या आपल्या तीन पदांत आईस जागाच नसे. आतां महाराष्ट्र सरकारच्या नियमाप्रमाणें १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नांवामागून प्रथम आईचें, मग बापाचें व शेवटीं आडनांव लिहावयाचें असतें. जिनें पाळण्यांत नांव घेतलें, तिचें नांव कागदावर येण्यास इतकीं वर्षें लागलीं.

मित्रहो, नांव कोणीहि स्वतः निवडून जन्मास येत नाहीं. म्हणून त्यावरून कोणाची थट्टा करणें जसें अयोग्य, तसें आडनांव ऐकून कोणाची जात अजमावणें व त्याप्रमाणें त्याचा मान ठरविणें हें त्याहून अयोग्य. आडनांव सांगतें तें पूर्वज कोठून आले व काय करीत एवढेंच. हा मुलगा किंवा ही मुलगी पुढें काय करील, हें तें सांगूं शकत नाहीं. आणि पालकांस विनंति एवढीच कीं, नांव ठेवतांना तें मुलास जन्मभर ऐकावयाचें आहे, हें ध्यानांत असावें. आज घरीं गेल्यावर आजीआजोबांस विचारा, कीं माझें नांव कोणीं ठेवलें व आपलें आडनांव कोठून आलें. जें उत्तर मिळेल तें वहींत लिहून ठेवा, कारण पुढें तुमचीं मुलें तोच प्रश्न तुम्हांस विचारतील.