चिंधी, धागा आणि कागद

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारातून एखाद्या संध्याकाळी चालत गेलात, तर साड्यांच्या गठ्ठ्यांनी वाकलेल्या हातगाड्यांमधून वाट काढावी लागते. दुकानांच्या मागच्या अंगाला कातरणाचे ढीग पडलेले दिसतात. हिरवे, जांभळे, सोनेरी काठाचे. या शहरात चिंधीसुद्धा फुकट जात नाही, ती वजनावर विकली जाते. तरीही शिलाईच्या मशीनखाली आणि घरोघरीच्या पिशव्यांतून जे मागे राहते ते पुष्कळ असते. मूठभर धागा, वीतभर कापड आणि एखादा रंगीत कागद एवढ्या भांडवलावर मुलांकडून घरच्या घरी काय करवून घेता येईल, याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे. शाळेत याला हस्तव्यवसाय म्हणतात. वेळापत्रकात तो दिवसाच्या अखेरीस असतो, आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचाच पडतो.

मराठी माणूस सुरतेत आला की कोणी ना कोणी हसत हसत १६६४ सालाची आठवण काढतोच. आजची येथील बहुतेक मराठी वस्ती लुटावयास नव्हे, राबावयास आलेली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेने आलेली कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती अशा तीन भाषांत त्यांची मुले वाढतात. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा येथे सात माध्यमांच्या आहेत, त्यांत मराठीही आहे. बाप बहुधा मागावर. आई घरी साड्यांचे लोंबते धागे कापते, लेस लावते किंवा खडे चिकटवते. मजुरी नगावर मिळते. मूल तिच्या शेजारीच बसलेले असते. त्याचा हात रिकामा दिसला की तेही कात्री उचलते.

माझ्या वर्गातील एका मुलीला मी धाग्याचा गोंडा करावयास सांगितला होता. तिचा गोंडा सर्वांच्या आधी झाला, आणि सर्वांत सुबक झाला. तो माझ्या टेबलावर ठेवून तिने विचारले, “बाई, याचे किती मिळतील?”

हा प्रश्न वावगा नव्हता. ज्या घरात धाग्याला भाव आहे त्या घरातील मुलाला तो सुचणारच. परंतु नगावरच्या कामात हात एकच हालचाल शेकडो वेळा करतो. ती साडी कोठून आली, पुढे कोण नेसणार, यातले त्या हाताला काहीच ठाऊक नसते. आरंभ दुसऱ्याचा आणि शेवटही दुसऱ्याचाच. हस्तव्यवसायाचे मोल एवढ्यातच आहे की, त्यात एक वस्तू पहिल्या घडीपासून अखेरच्या गाठीपर्यंत एकाच हाताखालून जाते. रंग कोणता घ्यावा, गाठ कोठे मारावी, बिघडले तर किती उसवावे, हे सारे निर्णय मुलाचे असतात. ज्या मुलांच्या हातांना आधीच काम आहे, त्यांना अशा कामाची गरज इतरांहून अधिक आहे, असे माझे मत आहे.

हा प्रश्न आजचा नाही. गांधीजींच्या पुढाकाराने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे आला. त्यासाठी नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सूतकताईला मोठे स्थान दिले. टकलीवर सूत काततानाच मोजणी, वजन, कापसाची शेती आणि व्यापाराचा इतिहास शिकवावा, अशी ती कल्पना होती. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, हाही विचार तिच्यात होता. परंतु त्याच समितीने आपल्या अहवालात एक इशारा देऊन ठेवला, तो आज फार थोड्यांना आठवतो. अशा योजनेत कमाईच्या बाजूवर भर पडून शिक्षणाची व संस्काराची बाजू मागे पडण्याचा उघड धोका आहे, असे तिने म्हटले होते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात मला तोच इशारा ऐकू आला.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातच, तापीकाठच्या हरिपुरा गावी, सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि या शिक्षणयोजनेच्या तत्त्वास तेथे मान्यता मिळाली. त्या अधिवेशनाची दुसरीही एक आठवण आजच्या विषयाशी जुळते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू यांनी मंडप सजविण्यासाठी हातकागदावर चित्रे काढली व ती पुठ्ठ्यांवर ताणून लावली. त्यांच्या स्वतःच्या हातची ऐंशीच्या वर होती, बाकीची त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ढोल वाजविणारा, सुतार, कांडप करणाऱ्या स्त्रिया असे नित्याचे कष्टकरी लोक त्यांत होते. खेड्यातील माणसाने येता-जाता पाहावी म्हणून स्वस्त साहित्यावर केलेली ही कामगिरी. त्यांतील पुष्कळ चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. साधा कागद घेतला म्हणून काम हलके ठरत नाही, हे मुलांना सांगावयाचे असेल, तर सुरतकरांना दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी काम कागदी चटईचे. वीतभर चौरस कागद घ्यावा, चारही बाजूंना बोटभर किनार सोडावी आणि मधल्या भागात एकेक बोटाच्या अंतराने उभ्या चिरा पाडाव्यात. दुसऱ्या रंगाच्या कागदाच्या तितक्याच रुंदीच्या पट्ट्या कापून त्या आडव्या ओवाव्यात. पहिली पट्टी एकीवरून, एकीखालून. पुढची नेमकी उलट. प्रत्येक पट्टी वर सरकवून घट्ट बसवावी. जर्मनीत फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकात बालोद्यान काढले, तेव्हापासून हे काम लहान मुलांना दिले जाते. त्यात नवे काही नाही. परंतु सुरतेत त्याला वेगळाच अर्थ येतो. चिरा पाडलेला कागद म्हणजे ताणा, ओवलेली पट्टी म्हणजे बाणा. शहरात लक्षावधी मीटर कापड विणले जाते आणि मागाचा खडखडाट ऐकत मुले झोपी जातात. पण धोट्याच्या एका फेरीत काय घडते हे त्यांना माहीत नसते. माग वेगाने चालतो, डोळ्यांना तो दिसत नाही. कागदाच्या पट्टीला मात्र घाई नसते.

तीच मुलगी आपली चटई घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने दुसरी चटई आणली, तिच्यावर तिरप्या रेषा उमटल्या होत्या. रात्रपाळीला जाण्यापूर्वी तिच्या वडिलांनी तिला दाखविले होते की, पट्टी दोन चिरांवरून आणि एकीखालून न्यावी, आणि पुढच्या ओळीत हाच क्रम एक घर सरकवून घ्यावा. जीनच्या कापडावर आपण पाहतो ती तिरकी वीण हीच. मला ती ठाऊक होती, पण वर्गाला शिकविण्याचे काम मी त्या मुलीकडेच सोपविले. “हे माझ्या पप्पांनी सांगितलं,” असे तिने फळ्यासमोर उभे राहून म्हटले, तेव्हा भाव विचारण्याचे तिला सुचले नाही.

धाग्याचे काम याहून सोपे आहे. चार बोटे रुंदीच्या पुठ्ठ्याभोवती चाळीसएक वेढे घ्यावेत, वरच्या कडेखालून दोरा ओवून गाठ मारावी, खालची कड कापावी आणि वरून बोटभर अंतरावर मान आवळावी, की गोंडा तयार. मानेखालून धाग्यांच्या दोन बटा बाजूला काढून त्यांच्या वेण्या घातल्या तर हात होतात, उरलेल्यांचे दोन भाग बांधले तर पाय. ही बाहुली अर्ध्या तासात होते. एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. सुरतेत मिळणारा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो निसरडा, त्यामुळे त्याची गाठ आपोआप सैल होते. बांधण्यासाठी साधा सुती दोरा घ्यावा व दोनदा गाठ मारावी. धागा ज्यावर गुंडाळून येतो त्या पुठ्ठ्याच्या नळ्याही टाकू नयेत. त्यांची पेन्सिलदाणी होते, आणि मुले त्यांच्यापासून आगगाडी करतात ती न सांगताच.

कापडाच्या बाबतीतही सुती व कृत्रिम हा भेद आधी ओळखावा लागतो. मोठ्या माणसाने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, एक दोरा चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून आकसतो आणि कडक मणी उरतो. हा मणी गरम असताना कातडीला चिकटतो, म्हणून हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये. पाण्याच्या बाबतीतही फरक मोठा आहे. सुती धागा हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणूनच मैद्याच्या खळीने कृत्रिम कापड नीट चिकटत नाही. ते शिवावेच लागते. आणि म्हणूनच नुसत्या साडीच्या कातरणाचे पायपुसणे दिसावयास देखणे, परंतु ओले पाय जसेच्या तसे ठेवणारे होते. दोन पट्ट्या कातरणाच्या आणि एक जुन्या गंजीफ्रॉकची, अशी तिपेडी वेणी घालून ती गोल गुंडाळत मजबूत दोऱ्याने शिवली, तर रंग आणि उपयोग दोन्ही साधतात. पट्ट्या दोन बोटे रुंद असाव्यात. जोड देताना टोकांना चीर पाडून एकीतून दुसरी ओवावी, गाठ मारू नये, ती पायाला बोचते.

खळ घरीच करावी. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळावे. पूर्वी कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालीत. ते विष आहे. मुले बोटे चाटतात. तेव्हा ते घालू नये आणि खळ दोन दिवसांत संपवावी.

बाजारात तयार पाकिटे मिळतात, त्यांत सर्व काही आधीच कापून, आखून ठेवलेले असते. मुलाने तुकडे सांगितलेल्या जागी चिकटवावयाचे, एवढेच. ते पुन्हा नगावरचे कामच झाले, फक्त मजुरी येथे आईबापांनी द्यावयाची! शाळांच्या प्रदर्शनांतही टेबलावरील सुबक वस्तू पाहून मला पुष्कळदा शिक्षिकेचाच हात ओळखू येतो. याउलट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्यात खडे, शिंपले, पाने, बिया हेच साहित्य होते. मुंबईहून सुरतेला येणाऱ्या गाडीच्या वाटेवरच ही गावे आहेत. तेथे साहित्य विकत आणण्याचा प्रश्न नव्हता, आणि ते वाया जाण्याची भीतीही नव्हती.

आता कागदाचे शेवटचे काम. उत्तरायणात सुरतेत डबगरवाडपासून प्रत्येक गच्चीपर्यंत पतंगांचे राज्य असते, आणि दुसऱ्या दिवशी झाडे व तारा फाटक्या पतंगांनी भरून जातात. गच्चीवर उतरलेले पतंग मुलांकडून गोळा करवून घ्यावेत; तारांवरच्यांना हात लावू देऊ नये. मांजालाही तसेच. सुरती मांजावर काचेची पूड असते, ती बोटे चिरते. आणि नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. कात्रीने दोरा कापून टाकावा आणि बांबूच्या काड्या तेवढ्या काढून घ्याव्यात. पतंगाची उभी काडी सरळ आणि जाड, आडवी बारीक व वाकणारी असते. दोन्ही वर्षभर कोरड्या जागी टिकतात.

याच काड्यांवर दिवाळीचा आकाशकंदील उभा राहतो आणि नाताळचा तारासुद्धा. दिवाळी आधी येते, तेव्हा शेजारच्या मुलांचा कंदील झाला की ताऱ्यासाठी उरलेल्या काड्या मागावयास आम्ही त्यांच्याकडे जातो. ताऱ्यासाठी सारख्या लांबीच्या पाच सरळ काड्यांचे दोन पंचकोनी तारे बांधावेत, ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके सुती दोऱ्याने घट्ट आवळावीत, आणि आतल्या पाच छेदांपाशी चार बोटे लांबीच्या काड्या अडकवून दोन्ही तारे मधोमध फुगवावेत. मग पतंगाचा कागद लावावा. खळ कागदाला नव्हे, काडीला लावावी, म्हणजे कागद भिजून सुरकुतत नाही. मागच्या बाजूची एक पाकळी उघडी ठेवावी, दिवा तेथूनच आत जातो. दिवा लहान, एलईडीचा घ्यावा, आणि तो कागदाला टेकणार नाही असा मधोमध टांगावा.