पालेभाजी आणि उतारवयातील नजर

साठी ओलांडलेली मंडळी दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, गाजर-पालक खाल्ल्याने मोतीबिंदू जाईल का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र पालेभाजीचा डोळ्यांना उपयोगच नाही, असेही नव्हे. आहाराचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे न कळल्यामुळे उपचाराला उशीर होतो.

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा लहानसा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याच्यामुळेच होतात. त्याचा पिवळा रंग ल्युटीन व झिअ‍ॅझँथिन या द्रव्यांचा असतो. प्रखर निळा प्रकाश शोषून ती पडद्याचे रक्षण करतात. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही. अन्नातूनच ती मिळवावी लागतात. वयोमानाने पीतबिंदू झिजला की मधली नजर अंधूक होते.

ही द्रव्ये भरपूर मिळतात ती हिरव्या पालेभाज्यांतून. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, पालकासारख्या भाज्या वारंवार खाणाऱ्यांत पीतबिंदूचा विकार कमी आढळला. आपल्या खान्देशात पालक, मेथी, पोकळा, शेवग्याचा पाला यांची उणीव नाही. भरतातील कांद्याची पातही उपयोगी आहे. पिवळ्या मक्यात झिअ‍ॅझँथिन असते. केळी हे जळगावचे वैभव खरे, पण तिच्यात ही द्रव्ये फारच कमी असतात. भाजी शिजवून, थोड्या तेलाची फोडणी देऊन खावी, कारण ही द्रव्ये तेलातुपाबरोबरच अंगी लागतात. त्यासाठी तर्री मात्र नको! रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मग ल्युटीनच्या गोळ्याच का घेऊ नयेत? अमेरिकेत सुमारे ४,००० वयस्कर लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात या गोळ्यांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन टळले नाही. पीतबिंदूचा विकार मध्यम अवस्थेला पोहोचलेल्यांना नेत्रतज्ज्ञ अशा गोळ्या देतात. निरोगी माणसाने त्यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. त्याला ऑपरेशन हाच उपाय, आणि तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याची गरज नसते. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही भाजीने परत येत नाही. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. बिडी-सिगारेट तर सोडावीच. तिने मोतीबिंदू आणि पीतबिंदूचा विकार या दोहोंचा धोका वाढतो.

घरच्या घरी एक परीक्षा करावी. चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावे. मग दुसऱ्या डोळ्याने पाहावे. सरळ गज वाकडे दिसले किंवा मध्येच काळा डाग दिसला, तर भाजीच्या गुणाची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा.