घरबसल्या परदेशची चाकरी

माल परदेशी धाडावयाचा तर जहाज लागते; हिशेबाचे वा संगणकाचे काम मात्र तारेने जाते. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूर येथे केंद्र काढले आणि तेथील काम उपग्रहाद्वारे परदेशी पोहोचू लागले. हैदराबादेत १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि आमच्या सभासदांची कित्येक मुले या व्यवसायात शिरली. न्यूयॉर्कला उजाडते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होते. म्हणून कित्येकांच्या नशिबी रात्रपाळी.

परंतु वेतन कमी म्हणून आलेले काम उद्या आणखी स्वस्त गावी, अथवा यंत्राकडेही जाईल. स्वस्ताई टिकत नाही, विद्या टिकते. यास्तव शिष्यवृत्ती देताना नोकरीपुरते नव्हे, सखोल शिकणाऱ्यांस आपण प्रथम हात द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.