जाणत्याचे भय
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात आपण १९९२ सालच्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच गेमचा परामर्श घेतला आणि कॅमेरा एका कोपऱ्यात खिळवून ठेवल्यामुळे खेळणाऱ्याच्या दृष्टीवर कसा निर्बंध येतो, ते पाहिले. आज त्यापुढचा प्रश्न हाती घ्यावयाचा आहे. भयाचा प्राण अज्ञातात असतो, असे मत सर्वत्र रूढ आहे. ते पूर्णांशाने खरे असते, तर जो गेम एकदा शेवटास नेला, ज्यातील प्रत्येक दालन, प्रत्येक किल्ली आणि दाराआड दबा धरून बसलेला प्रत्येक शत्रू ठाऊक झाला, तो पंचवीस वर्षांनी पुन्हा लावल्यावर भय वाटण्याचे काहीच प्रयोजन उरू नये. परंतु 'सर्व्हायव्हल हॉरर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारातील कित्येक जुने गेम पुन्हा खेळतानाही हात आखडतो, दार उघडण्यापूर्वी मन कचरते. आणि याचे श्रेय निव्वळ स्मरणरंजनाला देऊन मोकळे होणे हे त्यांच्या कर्त्यांवर अन्याय करण्यासारखे होईल. या गेममधील भय दोन उगमांतून येते, एक क्लृप्तीतून, म्हणजे अवचित दचकवण्याच्या युक्तीतून, आणि दुसरे नियमातून, म्हणजे खेळणाऱ्यावर लादलेल्या बंधनांतून. पहिल्या खेळात ही दोन्ही एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांचा निवाडा करता येत नाही, तो दुसऱ्या खेळातच होतो.

नियमांची ही वंशावळ शोधू लागले असता आपण कॅपकॉम कंपनीच्या 'स्वीट होम' या १९८९ सालच्या गेमपाशी येऊन पोचतो. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून तोकुरो फुजिवारा यांनी सिद्ध केलेला हा गेम जपानबाहेर अधिकृतपणे कधीच विक्रीस आला नाही. एका दिवंगत चित्रकाराच्या ओसाड हवेलीत भित्तिचित्रांच्या शोधार्थ शिरलेल्या पाच जणांपैकी प्रत्येकापाशी एकेकच खास साधन, कोणापाशी लायटर, कोणापाशी किल्ली, कोणापाशी कॅमेरा. एकत्र चालण्याची मुभा जास्तीत जास्त तिघांना, म्हणजे जथा कायमचा फुटलेला. आणि जो मेला तो मेलाच, त्याला परत आणण्याची तजवीज नाही. त्याच्या साधनाचा पर्याय हवेलीत अन्यत्र सापडे खरा, पण तो वाहून नेण्याचा बोजा हयात असलेल्यांवर पडे. भुते ओबडधोबड चौकटींची असूनही हा गेम धाक घालत असे, कारण त्यात गमावलेले माणूस नुसते दृश्यातून नव्हे, तर हिशेबातूनही वजा होत असे.

हा वारसा १९९६ साली शिंजी मिकामी यांच्या 'रेझिडेंट ईव्हिल'मध्ये उतरला. फुजिवारा त्याचे निर्माते होते आणि 'स्वीट होम'ची धाटणी नव्या प्लेस्टेशन यंत्रावर उतरवावी, हीच मूळ योजना होती. येथे झोंबी आहेत, खिडकी फोडून आत झेपावणारे कुत्रे आहेत. ही सारी क्लृप्तीची बाजू, आणि ती दुसऱ्या खेपेस निम्म्याहून अधिक निष्प्रभ होते. नियमाची बाजू निराळी आहे. ख्रिस या पात्राला एका वेळी सहा वस्तू बाळगता येतात, जिलला आठ. पिस्तूल, गोळ्या, औषधी वनस्पती आणि कुलपाची किल्ली यांचा निकाल एवढ्याच जागेत लावावा लागतो. आपली प्रगती नोंदवून ठेवावयाची, म्हणजे गेम 'सेव्ह' करावयाचा, तर टंकलेखन यंत्र गाठावे लागते आणि प्रत्येक नोंदीस एक शाईची फीत खर्ची पडते. त्या फितीही मोजक्याच आणि त्यांनाही सामानात जागा लागते. हवेलीचा नकाशा तोंडपाठ असलेल्या माणसालाही या जमाखर्चातून सुटका नाही. पहिल्या खेळात तो दारापलीकडे काय आहे या शंकेने थबकतो. दुसऱ्या खेळात, पलीकडे काय आहे ते नेमके ठाऊक असल्यामुळे, त्यापायी किती गोळ्या शिलकेतून जातील या विचाराने थबकतो. थबकणे तेच राहते, कारण बदलते.

या जाणत्या खेळाडूचा विचार मिकामींनी स्वतःही केला होता, याची साक्ष त्याच गेमच्या २००२ सालच्या, गेमक्यूब यंत्रासाठी केलेल्या नव्या आवृत्तीत मिळते. ज्या वाटेत कुत्रे झेपावतात हे जुन्या खेळाडूस पाठ होते, तेथून प्रथम जाताना काचेला नुसता तडा जातो; कुत्रे येतात ते पुढे, परतीच्या फेरीत. परंतु ही झाली क्लृप्तीची दुरुस्ती. खरा फरक नियमात आहे. पूर्वी मारलेला झोंबी वाट मोकळी करून देई. आता ज्याचे मस्तक उडवले नाही किंवा ज्याचे प्रेत जाळले नाही, तो काही काळाने अधिक चपळ आणि अधिक हिंस्र होऊन उठतो. जाळण्यासाठी रॉकेल भरून घ्यावे लागते, डब्यात ते दोन प्रेतांपुरतेच मावते आणि डबाही एक जागा अडवतो. परिणामी कोणती वाट नित्याची आणि कोणती क्वचितची हे ज्याला आधीपासून माहीत आहे, त्यालाच हा प्रश्न पुरत्या तीव्रतेने पडतो. नवखा बापडा समोर येईल त्याला गोळी घालून पुढे सरकतो. गेम पार केल्यानंतर खुल्या होणाऱ्या एका कठोर प्रकारात तर एका पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या पेटीतून काढण्याची जुनी सवलतही रद्द होते, म्हणजे अनुभवी माणसाने ज्या सोयीवर सारा बेत रचला तीच जप्त होते.

टेक्मो कंपनीच्या 'फेटल फ्रेम' (२००१) या गेममध्ये हेच तत्त्व आणखी धीटपणे वापरलेले आढळते. मिकू नावाच्या मुलीपाशी पिशाच्चांविरुद्ध शस्त्र म्हणून एक जुनाट कॅमेरा आहे, आणि पिशाच्च जितके जवळ येऊ द्यावे तितका छायाचित्राचा आघात जबर. तो सर्वांत प्रभावी ठरतो ते पिशाच्च झडप घालते नेमक्या त्या क्षणी. इतरत्र कौशल्य वाढते तसतसे संकट दूर ठेवता येते. येथे खेळाडू जितका निष्णात, तितका तो ते भेसूर मुख चौकटभर येईपर्यंत हात रोखून धरतो, म्हणजे प्रावीण्याचे बक्षीस म्हणून त्याच्या वाट्यास अधिक सान्निध्य येते.

याच्या उलट उदाहरण म्हणून 'इटर्नल डार्कनेस' (२००२) हा गेम पाहण्यासारखा आहे. त्यात पात्राची मनःशांती मोजणारी एक पट्टी असून ती ओसरू लागली की यंत्रच खेळाडूशी खोटे बोलू लागते: आवाज आपोआप कमी होत असल्याचे पडद्यावर दिसते, किंवा जपून ठेवलेली सारी नोंद पुसली जात असल्याचा भास होतो. कल्पना विलक्षण आहे आणि प्रथमदर्शनी तिच्याइतका धक्का क्वचितच कोणी दिला असेल. मात्र नोंद पुसल्याची थाप एकदा पचवलेला माणूस दुसऱ्या वेळी तिचे कौतुक करतो, तिला भीत नाही. क्लृप्तीचे आयुष्य तिचा उलगडा होईपर्यंतच असते.

आता 'सायलेंट हिल २' (२००१) या कोनामीच्या कृतीकडे वळू, कारण दुसऱ्या खेळाचा विषय तिच्याइतका कोणीही खोलवर नेलेला नाही. मृत पत्नीचे पत्र आले म्हणून जेम्स सरोवरकाठच्या एका धुकट गावी येतो. गेमचे शेवट अनेक आहेत आणि त्यांपैकी कोणता वाट्यास यावा हे कोणत्याही उघड प्रश्नोत्तराने ठरत नाही. जखमी असताना औषध वेळेवर घेतले की टाळाटाळ केली, पत्नीचे छायाचित्र पुन्हा काढून पाहिले की नाही, अँजेला या पात्राकडून मिळालेला सुरा न्याहाळला का, मारिया या सोबतिणीच्या किती जवळ राहिलो, अशा वरवर क्षुल्लक वर्तनाची गेम मुकाट्याने दप्तरी नोंद करतो आणि शेवटी त्यावरून निकाल देतो. पहिल्या खेळात खेळाडूस या कारवाईची गंधवार्ताही नसते. ती कळल्यावर मात्र खेळणे पूर्वीसारखे निष्पाप राहत नाही. जखम तशीच ठेवून चालत राहणे हा आळस न उरता जेम्सविषयीची एक जबानी होऊन बसते. सामानातील त्या पत्राची अक्षरे पुढे पुढे पुसट होत जातात, हेही बहुतेकांच्या ध्यानी येते ते दुसऱ्याच वेळी. येथे ज्ञानाने भय कमी होत नाही, फक्त त्याचा रोख फिरतो: धुक्यातल्या आकृतीवरून तो खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातावर येतो.

म्हणून जुन्या गेमची पारख करताना त्याने पहिल्या रात्री किती दचकवले हे न विचारता, त्याने कोणती गोष्ट हिरावून घेतली आणि सर्व काही माहीत झाल्यावरही ती हिरावलेलीच राहते काय, हे विचारावे. वस्तूंसाठी अपुरी जागा, मोजक्या फिती, सुरक्षित अंतरास मुकणे, आपल्या वर्तनाची नकळत होणारी नोंद, या साऱ्या गोष्टी माहितीने भरून निघणाऱ्या नाहीत. २००५ साली याच मिकामींनी 'रेझिडेंट ईव्हिल ४'मध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला, गोळ्यांचा पुरवठा सैल केला आणि या प्रकाराला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. त्या सौद्यात काय पदरी पडले आणि काय गहाण पडले, याचा विचार पुढील लेखांकी करू.