बॅलन्स दिसला नाही म्हणजे शून्य नव्हे! ॲपमागचा जावाचा 'कारकून' नेमकं करतो काय?

सीबीडी बेलापूर स्टेशनला उतरायचं, बाहेर टपरीवर चहा घ्यायचा, क्यूआर स्कॅन करायचा. त्याआधी खात्यात किती उरलेत ते पाहायला 'चेक बॅलन्स' दाबून पिन टाकायचा. चाक गरगर फिरतं आणि आकडा येतो. महिनाअखेर असेल तर तो फारसा बघवत नाही, ते सोडा. पण हा आकडा येतो कुठून?

फोनमध्ये तो नसतो. यूपीआय ॲपकडेही नसतो. 2016 मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून पद्धत अशी आहे की ॲप फक्त तुमचा प्रश्न पुढे सरकवतं. तो एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेकडे जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. खातं स्टेट बँकेत असेल, तर गंमत म्हणजे त्या बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर बेलापुरातच आहे.

अशा यंत्रणांमध्ये जावा ही भाषा वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांत नव्याने लागलेल्या पोरापोरींना सुरुवातीलाच जो शब्द ऐकू येतो तो म्हणजे 'डाओ'. पूर्ण नाव, डेटा ॲक्सेस ऑब्जेक्ट.

आता हे समजायला कोडिंग यायची गरज नाही. जुन्या बँका आठवा. खिडकीपलीकडे कारकून बसायचा आणि मागे लेजरची कपाटं असायची. तुम्ही पासबुक पुढे करायचं, तो लेजर काढून शिल्लक सांगायचा. लेजर कुठल्या कपाटात, कितव्या पानावर, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. आणि तुम्हाला आत जाऊन पानं चाळायची मुभाही नव्हती. डाओ म्हणजे कोडमधला हा कारकून.

1995 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली. 1997 मध्ये तिच्यासोबत जेडीबीसी आलं, म्हणजे जावातून थेट डेटाबेसला प्रश्न विचारायची सोय. सोय झाली तशी खिचडीही झाली. स्क्रीनचा कोड, व्याजाचा हिशोब आणि डेटाबेसचे प्रश्न, सगळं एकाच फाइलमध्ये. तक्त्यातल्या एका रकान्याचं नाव बदललं की पन्नास ठिकाणी दुरुस्ती, आणि एक्कावन्नावं ठिकाण हमखास राहून जायचं! 2001 मध्ये दीपक अलूर, जॉन क्रुपी आणि डॅन माल्क्स यांचं 'कोअर जेटूईई पॅटर्न्स' हे पुस्तक आलं. त्यातून डाओची पद्धत घराघरांत नाही, पण ऑफिसाऑफिसांत पोहोचली. बाकीच्या कोडने फक्त 'या खात्याची शिल्लक दे' एवढंच म्हणायचं. ती कुठून आणायची हे डाओने बघायचं.

याचा खरा फायदा डेटा स्वतःच्या कपाटात नसतो तेव्हा कळतो. शिल्लक दुसऱ्या बँकेच्या सर्व्हरवर असेल, तर डाओ डेटाबेसऐवजी त्या ऑनलाइन सेवेला विचारतो, आलेलं उत्तर उलगडतो आणि नेहमीच्याच साच्यात देतो. स्क्रीनला फरक कळतही नाही.

पण इथेच एक खड्डा आहे. शेजारच्या कपाटातलं लेजर सहसा सापडतंच. नेटवर्कपलीकडून मात्र कधी उत्तर उशिरा येतं, कधी येतच नाही. घाईत लिहिलेला डाओ अशा वेळी चूक गिळून टाकतो आणि शून्य परत करतो. आता विचार करा, एखाद्या आजोबांची पेन्शन कालच जमा झाली आहे आणि स्क्रीनवर शून्य! 'शिल्लक शून्य आहे' आणि 'शिल्लक मिळाली नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. चांगला डाओ ती वेगळीच ठेवतो. किती वेळ थांबायचं हे तो आधी ठरवतो, आणि नाही मिळालं तर तसं स्पष्ट सांगतो. 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' हा मेसेज डोक्यात जातो खरा, पण खोट्या शून्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

दुसरा धोका चोरीचा. प्रश्न आणि ग्राहकाने टाइप केलेला मजकूर एकाच वाक्यात चिकटवला, तर कुणी पासवर्डच्या चौकटीत 'किंवा 1 = 1' अशा अर्थाचा तुकडा घुसवू शकतं. एक म्हणजे एक हे नेहमीच खरं, त्यामुळे पासवर्डाशिवायही दार उघडतं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जावात यावर 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' हा उपाय आहे. प्रश्नाचा साचा आधीच पक्का असतो आणि ग्राहकाने लिहिलेलं काहीही फक्त माहिती म्हणून धरलं जातं, हुकूम म्हणून नाही. सगळे प्रश्न डाओतूनच जात असतील तर हा नियम एकाच ठिकाणी तपासता येतो.

अर्थात, खिडकीवर कितीही चोख कारकून बसवला आणि मागचं दार उघडं राहिलं तर काय? जानेवारी 2019 मध्ये टेकक्रंचने बातमी दिली होती की 'एसबीआय क्विक' या मिस्ड कॉल आणि एसएमएस सेवेचा मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर पासवर्डाशिवाय उघडा होता. ग्राहकांना गेलेले शिल्लक आणि व्यवहारांचे मेसेज त्यातून वाचता येत होते. तिथे कुणाला इंजेक्शनची गरजच नव्हती. कळवल्यावर सर्व्हर बंद झाला.

त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, मग चूक डाओत असो की मागच्या दारात.