छिद्र मिटते, दृष्टी मागाहून येते

डोळ्याच्या पडद्याला भोक पडले असे ऐकले, की आता सारा अंधारच, अशी आपली समजूत होते. तसे नसते. रस्ता दिसतो, जिना उतरता येतो. पण समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसला जातो आणि ओळीतले जे अक्षर पाहावे तेच वाकते किंवा गळते. ज्याचे आयुष्य पुस्तकांत गेले, त्याला हा घाव केवढा, हे कलाशाखेच्या वाचकांस सांगावयास नको.

पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू व त्यात एक सूक्ष्म खळगा असतो. बारीक अक्षर टिपणाऱ्या शंकुपेशींची तेथे दाटी असते. डोळ्यातील जेलीसारखा पारदर्शक पदार्थ उतारवयात आकसून पडद्यापासून सुटतो. काहींच्या बाबतीत तो या खळग्यालाच चिकटून ओढ देतो आणि पडदा तेथे उकलतो. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांत, हे अधिक आढळते.

१९९१ साली अमेरिकेतील केली व वेंडेल या शल्यविशारदांनी ५२ डोळ्यांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ओढणारा पदार्थ काढायचा, डोळ्यात वायू भरायचा आणि रुग्णास पालथे ठेवायचे. ३० छिद्रे मिटली. पुढे पडद्यावरील अतिपातळ आवरण सोलण्याची जोड मिळाली. आता दहांतील नऊंहून अधिक मिटतात. (वायू विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य, उंचीवर तो फुगतो!)

मात्र छिद्र मिटणे निराळे आणि दिसणे निराळे. कडा काही दिवसांत जवळ येतात, पण मधला सांधा प्रथम आधार देणाऱ्या पेशी भरतात, आणि त्यांना प्रकाश कळत नाही. शंकुपेशींची घडी नीट बसण्यास महिनोन्‌महिने लागतात. एक यंत्र पडद्याच्या ठिकठिकाणी मंद-तेजस्वी ठिपके पाडते. दिसला की रुग्णाने कळ दाबायची. असा संवेदनेचा नकाशा तयार होतो. शस्त्रक्रियेपूर्वी छिद्राच्या जागी अतितेजस्वी ठिपकाही दिसत नाही, भोवताली मंद ठिपके हुकतात. नंतर ही मुकी जागा आक्रसते, भोवतालचे कडे जागे होते. केंद्र सर्वांत मागे राहते. सुधारणा वर्षभर, क्वचित त्यापुढेही चालते. पुष्कळदा तक्त्यावरील अक्षरे तेवढीच वाचता येतात, नकाशा मात्र सुधारलेला असतो. केवळ तक्त्यावरून डोळ्याची परीक्षा करणे मला म्हणूनच अपुरे वाटते. दुसऱ्याच महिन्यात 'शस्त्रक्रिया फुकट गेली' म्हणून खचणाऱ्या रुग्णास हा नकाशा दाखवावयास हवा.

सर्वांनाच पूर्ववत दिसते असे नाही. आवरण सोलल्या जागी संवेदना किंचित मंदावू शकते. मोतीबिंदूही या शस्त्रक्रियेनंतर लवकर वाढतो व हिशेब गढूळ करतो. छिद्र जितके मोठे व जुने, तितके हाती कमी लागते. आणि ते जुने होते याचे कारण साधे आहे: दुसरा डोळा शाबूत असल्याने उणीव झाकली जाते. घरातील वडीलधाऱ्यांना वर्तमानपत्राची एक ओळ आळीपाळीने एकेक डोळा झाकून वाचावयास सांगितली, तर ओळीतील वाक लगेच कळतो.