केसांसाठी डिस्टिल्ड वॉटर : खान्देशात गरज किती, मिळते कुठे?

प्रतिनिधी, जळगाव/धुळे

बोअरच्या पाण्याने केस राठ होतात, गळतात, अकाली पिकतात, अशी तक्रार जळगाव आणि धुळ्यातील नव्या वसाहतींत नवी नाही. त्यावर उपाय म्हणून अलीकडे डिस्टिल्ड वॉटरचे नाव सुचविले जाऊ लागले आहे. आतापर्यंत इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरण्यापुरते ठाऊक असलेले हे पाणी न्हाणीघरात आणावे काय, आणायचे तर कोठून व किती, हे प्रश्न साहजिकच उभे राहतात. त्यांची उत्तरे शोधताना प्रथम आपल्या नळाला आणि बोअरला येणारे पाणी कसे आहे, हे पाहावे लागते.

शालेय पुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात, त्यालाच बोलीत जड पाणी असे नाव आहे. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. घरातील गृहिणीला पाण्याचा जडपणा ओळखण्यास प्रयोगशाळेची फारशी गरज भासत नाही, ती याच कारणाने. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा स्वीकारार्ह मानला जातो. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ही मर्यादा ६०० मिलिग्रॅमपर्यंत सैल करण्यात आली आहे. हे मानक पिण्याच्या पाण्याचे आहे, केसांचा विचार त्यात नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

खान्देशाचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, तर तापीच्या काठाने चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या भागांत गाळाचे जाड थर आहेत. खडकाच्या भेगांतून किंवा गाळाच्या थरांतून पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहते आणि वाटेतील क्षार सोबत घेते. म्हणून खोल बोअरचे पाणी बहुधा नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यापेक्षा जड असते. जळगाव शहराला वाघूर धरणाचे, तर धुळ्याला तापी योजना, नकाणे व डेडरगाव तलाव अशा स्रोतांचे पाणी मिळत आले आहे. हे पाणी तुलनेने सौम्य असते. परंतु दोन्ही शहरांत नळाला पाणी रोज येण्याची सवय कोणालाच नाही. मधल्या दिवसांची भरपाई बोअर किंवा टँकर करतो, आणि गच्चीवरील एकाच टाकीत दोन्ही पाणी एकत्र होते. त्यामुळे ‘आमच्याकडे पालिकेचेच पाणी आहे’ असे सांगणाऱ्या घरातही सोमवारचे पाणी व गुरुवारचे पाणी एकसारखे असेलच असे नाही.

केसांवर नेमके काय होते?

केस पाण्यात भिजला की स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेतो. केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे कण धनभारित असल्याने ते तेथे सहज चिकटतात. रंग लावलेल्या, सरळ करून घेतलेल्या किंवा उन्हाने खराब झालेल्या केसांत अशा जागा अधिक असतात, म्हणून असे केस अधिक क्षार धरून ठेवतात. परिणामी केस एकमेकांत गुंततात, फणी अडते, चमक जाते. अंगाचा साबण डोक्याला लावला तर प्रकार आणखी बिघडतो. साबण व कॅल्शियम यांच्या संयोगाने न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तोच केसांवर बसतो. शाम्पूचा साका असा होत नाही, मात्र फेस कमी येतो व माणूस शाम्पू वाढवीत जातो. आपल्या आज्या-पणज्यांनी रिठा व शिकेकाई यांचा आधार घेतला, त्यामागे हेही एक कारण असावे: या दोहोंतील फेस आणणारे द्रव्य साबणाप्रमाणे कॅल्शियमशी साका धरीत नाही.

जड पाण्याने केस दुबळे होतात काय, यावर संशोधकांचेही एकमत झालेले नाही. कोइमतूर येथील संशोधकांनी २०१३ मध्ये १५ जणांच्या केसांचे नमुने घेऊन प्रत्येकाचा एक भाग जड पाण्यात व एक भाग डिस्टिल्ड पाण्यात महिनाभर आलटून-पालटून भिजविला. दोन्हींच्या ताणशक्तीत व लवचीकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या जड पाण्याचा जडपणा लिटरला २१२ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे खान्देशातील बोअरच्या मानाने बेताचाच होता. पुढे २०१८ मध्ये पाकिस्तानातील संशोधकांनी ७० पुरुषांच्या केसांवर केलेल्या प्रयोगात मात्र जड पाण्यातील केसांची ताकद घटलेली दिसली. दोन्ही प्रयोग लहान आहेत आणि दोन्ही कापलेल्या केसांवर झालेले आहेत. डोक्यावरचा केस मुळापासून गळण्याशी त्यांचा संबंध नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तुटणे आणि गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटलेला केस आखूड असतो व त्याच्या टोकाला मूळ नसते. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीकसा पांढरा ठिपका दिसतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक मानले जाते. त्याहून अधिक गळत असतील तर रक्तातील लोह, थायरॉईड, दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला टायफॉईड वा डेंग्यूचा ताप, बाळंतपण, आनुवंशिक टक्कल अशी कारणे तपासावी लागतात. यांपैकी एकाही कारणावर पाणी बदलणे हा उपाय नाही.

शेजारच्या बुलढाण्याचा धडा

पाण्यावर बोट ठेवण्याची घाई किती दिशाभूल करू शकते, याचे उदाहरण जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात घडले. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत काही दिवसांतच लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. पुरुष, स्त्रिया व मुले अशा सर्वांनाच त्याची झळ बसली. पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले गेले व त्यांत नायट्रेट व क्षार अधिक आढळल्याच्या बातम्याही झळकल्या. तो परिसर खारपाणपट्ट्याचा असल्याने हे अनपेक्षित नव्हते. पण तेच पाणी लोक पूर्वापार वापरीत होते, मग केस आताच का गेले, हा प्रश्न उरत होता. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या रक्त, लघवी व केस यांच्या तपासणीत सेलेनियमचे प्रमाण बरेच वाढलेले असल्याचे मांडले आणि रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. त्या गावांतील लोकांनी घरोघर डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणले असते, तरी ताटातील पोळी तीच राहिली असती.

मिळते कुठे, आणि काय पाहून घ्यावे?

तरीही राठपणा, गुंता आणि निस्तेजपणा यांपुरता पाण्याचा दोष खरा आहे व तेवढ्यापुरते सौम्य पाणी उपयोगी पडते. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे पाण्याची वाफ करून ती थंड करून मिळविलेले पाणी, बॅटरीच्या दुकानांत, काही पेट्रोल पंपांवर आणि महाविद्यालयांना रसायने पुरविणाऱ्या विक्रेत्यांकडे मिळते. बॅटरीसाठी विकले जाणारे बहुतेक पाणी प्रत्यक्षात वाफेचे नसून रेझिनच्या साहाय्याने क्षार काढलेले, म्हणजे डिमिनरलाइज्ड असते. भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी बाष्पकात जे पाणी लागते, तेही याच जातीचे. केसांच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. कॅल्शियम दोन्हींत नसते. औषधाच्या दुकानातील इंजेक्शनचे पाणी निर्जंतुक असले तरी काही मिलिलिटरच्या कुपीत मिळते, त्याचा येथे विचार करण्याचे कारण नाही.

बॅटरीच्या दुकानातून पाणी आणताना एक धोका अत्यंत गंभीर आहे. त्याच दुकानात, जवळजवळ तशाच पांढऱ्या कॅनमध्ये, बॅटरीचे ॲसिड ठेवलेले असते. ते पातळ केलेले गंधकाम्ल होय. त्याला रंग नाही, वासही नाही. दिसायला ते पाणीच. बोलण्यात ‘बॅटरीचे पाणी’ हा शब्द काही जण दोन्हींसाठी वापरतात. ते डोक्यावर ओतले गेल्यास त्वचा भाजते आणि डोळे कायमचे जाऊ शकतात. म्हणून दुकानदाराकडे ‘डिस्टिल्ड वॉटर’ असे स्पष्ट मागावे, छापील लेबल असलेला व कंपनीचे सील न तुटलेला कॅनच घ्यावा, सुटे भरून दिलेले पाणी अंगावर मुळीच वापरू नये, आणि घरात इन्व्हर्टरसाठी ॲसिड असेल तर ते न्हाणीघराच्या आसपासही ठेवू नये. चुकून शिंतोडे उडालेच तर जड-सौम्य न पाहता नळाच्या भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि तातडीने डॉक्टरांकडे जावे.

घरी आरओ यंत्र असेल तर वेगळे पाणी विकत आणण्याची बहुधा गरजच नाही. आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतात, पण जडपणा मोठ्या प्रमाणात कमी झालेला असतो. मात्र यंत्रातून एक लिटर पाणी मिळताना साधारणतः दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. काटकसरी घरांत हे टाकाऊ पाणी बादलीत धरून अंघोळीला घेतात. पाणी वाचविण्याची ही वृत्ती स्तुत्य असली तरी गाळलेले सर्व क्षार त्याच बादलीत उतरलेले असतात. ते लादी पुसण्यास व शौचालयास वापरावे, केसांना नव्हे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही वाफेचेच असते, परंतु ते धूळ व बुरशी साठलेल्या जाळीवरून येते, ते बॅटरीला वा डोक्याला न घातलेले बरे. नळाला लावायचे शॉवर फिल्टर क्लोरीन काही प्रमाणात घटवितात. जडपणा घालविण्याचा त्यांच्या वेष्टनावरील दावा सावधपणे वाचावा.

दोन लिटर पुरेत

लांब केस पूर्ण धुवायला दहा-बारा लिटर पाणी सहज लागते. आठवड्यातून दोनदा न्हायचे झाल्यास महिन्याला सुमारे शंभर लिटर. जेथे पिण्याचे पाणी साठवून पुरवावे लागते, तेथे एवढे शुद्ध पाणी एका डोक्यावर ओतणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. त्याची आवश्यकताही नाही. केसांवर क्षार राहतो तो मुख्यतः शेवटचे पाणी वाळताना. तेव्हा नेहमीच्या पाण्याने केस धुऊन, हाताने निथळून घेऊन, शेवटी दीड-दोन लिटर सौम्य पाणी तांब्याने मुळांपासून टोकांपर्यंत सावकाश सोडले की काम भागते. सौम्य पाण्यात शाम्पूला फेस भरपूर येतो, म्हणून शाम्पू त्यातच कालवून घेतला तर निम्माही पुरतो.

पैसे न खर्चता करण्याजोगा उपाय म्हणजे पाणी उकळणे. जडपणाचा जो भाग बायकार्बोनेटमुळे असतो, तो उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढऱ्या भुकटीच्या रूपात बसतो. पाणी दहा मिनिटे खळखळू द्यावे, झाकून रात्रभर निवू द्यावे आणि वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्यावे. सल्फेट व क्लोराईडमुळे आलेला जडपणा मात्र असा जात नाही. आधीच बसलेला क्षार काढायचा तर एक तांब्या पाण्यात अर्धे लिंबू पिळून, गाळून, महिन्यातून एक-दोनदा केसांवरून सोडता येते. डोळ्यांत जाऊ देऊ नये. टाळूवर खरचटलेले असल्यास टाळावे. घरीच पाण्याची वाफ धरून डिस्टिल्ड वॉटर करण्याच्या कृती सांगितल्या जातात, पण एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे पाऊण युनिट वीज लागते. गॅसवर तोच खटाटोप करणे व्यवहार्य नाही.

खरे डिस्टिल्ड वॉटर निसर्ग पावसाळ्यात फुकट देतो. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्यात त्याहून कमी पाऊस पडतो. तरीही शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर नऊशे लिटरच्या वर पाणी होते. जुन्या धाब्याच्या घरांवरून मातकट पाणी येई, म्हणून ते साठविण्याची पद्धत येथे फारशी रुजली नसावी. सिमेंटच्या गच्चीचे पाणीही किंचित क्षार घेते. पत्र्याच्या पन्हळीचे पाणी त्या मानाने चांगले. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात, नंतरचे पाणी दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळून झाकणाच्या पिंपात भरावे व उजेड लागू देऊ नये. पिंपाचे झाकण घट्ट नसेल तर डेंग्यूचे डास वाढतील आणि केसगळतीला नवेच कारण मिळेल.

खर्च करण्यापूर्वी स्वतःच्या टाकीची एक साधी परीक्षा घ्यावी. एकसारख्या दोन बाटल्या निम्म्या भराव्यात. एकीत टाकीचे पाणी, दुसरीत आरओचे किंवा पावसाचे. दोहोंत धुण्याच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवावे. टाकीच्या पाण्यावर फेस टिकला तर पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. फेस न येता पाणी दुधाळ झाले आणि कडेला साका दिसला तर पाणी जड आहे. फिल्टर विकणारे दाखवितात तो टीडीएस मीटर सर्व क्षारांची बेरीज सांगतो, त्यांत जडपणा किती हे सांगत नाही. नेमका आकडा हवा असल्यास जिल्हा पातळीवरील पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. नमुना देताना तो नळाचे पाणी आलेल्या दिवसाचा आहे की बोअर चालविलेल्या दिवसाचा, हे बाटलीवर लिहावे. शक्यतो दोन्ही द्यावेत.